कंबर धरली म्हणून लगेच एमआरआय नको. पण ही लक्षणे दिसली तर थांबू नका

बेळगाव : रोप लावणीला दिवसभर वाकून कंबर धरते. फाउंड्रीत वजन उचलताना चमक भरते. यंत्रमागावर तासन्‌तास उभे राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी नाही. मग बाम लागतो, गल्लीतला पायाळू माणूस शोधून त्याचा पाय लावून घेतला जातो. आणि चार दिवसांत उतार पडला नाही की, ‘एमआरआय काढून टाकूया एकदाचा!’

बहुतेकांना त्याची गरज नसते. साधी कंबरदुखी ही स्नायू, सांधे आणि अस्थिबंधांवर ताण आल्याची असते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत बरीच कमी होते. एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ असे दिसले तरी दुखणे त्याचेच, असे नव्हे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली दिसली. वयाने केस पिकतात, तसेच हे. पण रिपोर्टवरचा तो शब्द वाचून धडधाकट माणूस वाकायलाच घाबरतो. काही हजार रुपये जातात ते वेगळेच.

कळ कुल्ल्यातून गुडघ्याखाली पोटरीत उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर नस दबल्याचा संशय घ्यावा. याला लोक सायटिका म्हणतात. डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून, गुडघा न वाकवता पाय उचलून पाहतात, ते यासाठीच. तेही बहुतेकांचे ऑपरेशनविना बरे होते, फक्त वेळ जास्त लागतो.

मात्र लघवी अडली, लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर रात्र असली तरी मोठे हॉस्पिटल गाठावे. मज्जारज्जूच्या शेवटच्या नसांचा झुबका दबल्याची ही खूण असते. उशीर झाला तर ताबा कायमचा जाऊ शकतो. पायातली चप्पल नकळत निसटू लागली, पाऊल उचलेना, तरी त्याच दिवशी दाखवावे. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतही न थांबणारे दुखणे यामागे मणक्याचा टीबी किंवा गाठ असू शकते. पूर्वी कॅन्सर झालेला असेल, किंवा वयस्कर माणूस घसरून पडला असेल, तर चोळणे, तुडवणे बंद. आधी तपासणी. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडते आणि हिंडल्या-फिरल्यावर मोकळी होते, हे महिनोन्‌महिने चालले असेल तर तो आळस नसून सांध्यांचा सुजेचा आजार असू शकतो.

बाकीच्यांसाठी उपाय साधे आहेत, म्हणूनच कदाचित कुणाला पटत नाहीत. अंथरुणाला खिळून राहू नये. एक-दोन दिवसांची सवलत पुरे. नंतर थोडे थोडे चालावे, शेकावे, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. कळ कमी झाली की फिजिओथेरपिस्टकडून पोट-पाठीचे व्यायाम शिकून घ्यावेत. पट्टा कामापुरता ठीक, कायमचा नको. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांना महागात पडतात.

एवढे करून सहा आठवड्यांत फरक नसेल, तर डॉक्टर सांगतील ती तपासणी करावी. आणि मिरज-कोल्हापूरला दाखवायला जाताना इथे काढलेली फिल्म आणि गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत आठवणीने घालावी. नाहीतर तोच खर्च तिकडे पुन्हा होतो.