पगार, रजा, बोनस : शब्दांमागील हक्क

वसईच्या पूर्वेस वालीव, गोखिवरे, सातिवली या गांवांच्या परिसरांत लहानमोठ्या कारखान्यांच्या वसाहती पसरल्या आहेत. आणि दुसरीकडे पहांटेपासूनच माणसांचे लोंढे विरारच्या गाडीनें मुंबईची वाट धरीत असतात. अशा एखाद्या घरांत मुलाच्या किंवा मुलीच्या पहिल्या नेमणुकीचें पत्र येतें, तेव्हां त्यांतील रुपयांचा आंकडा सर्वांच्या नजरेंत प्रथम भरतो. त्याखालचे बोनस, ग्रॅच्युइटी, रजा, ओव्हरटाइम हे शब्द मात्र कोणी मोठ्यानें वाचीत नाहीं. वस्तुतः पुढील वीस-पंचवीस वर्षांचें सुखदुःख पुष्कळ अंशीं त्या शब्दांतच साठविलेलें असतें. जो शब्द कळला नाहीं, त्यामागचा हक्क मागावयाचें सुचतच नाहीं.

‘पगार’ हा शब्द तर वसईकरांच्या विशेष ओळखीचा असावयास हवा. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. पैसे चुकते करणें या अर्थाचें एक क्रियापद त्यांच्या भाषेंत आहे. त्यावरूनच ‘पगार’ मराठींत आला. ‘मिस्त्री’ हाहि त्यांचाच. ‘रजा’ अरबींतून आली. तिचा मूळ अर्थ संमति. ‘बक्षीस’ फारसी. या जुन्या शब्दांत एक गोष्ट समान दिसते : ते सारे देणाऱ्याच्या बाजूनें बोलतात. धन्यानें दिलें तर मिळालें, संमति दिली तर घरीं राहिलें. हे शब्द धन्याच्या मर्जींतून सुटून कामगाराच्या हक्कांत कसे आले, ही गेल्या सव्वाशें-दीडशें वर्षांची हकीकत आहे.

प्रारंभ रविवारच्या सुट्टीचा. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी कामगारांची संघटना उभी करून ही मागणी पुढें मांडली. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं ती मान्य केली, आणि १८९१ च्या फॅक्टरी कायद्यानें साप्ताहिक सुट्टीला कायद्याचें बळ आलें. पगारी रजेला आणखी अर्धें शतक लागलें. १९४८ च्या कारखाना कायद्यानें वर्षांत २४० दिवस काम करणाऱ्यास दर वीस दिवसांमागें एक दिवसाची भरपगारी रजा ठरवून दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं चार नव्या कामगार संहिता अंमलांत आल्या व त्यांनीं २९ जुन्या कायद्यांची जागा घेतली. त्यांत २४० ची अट १८० दिवसांवर आणली आहे. अर्थात् रजेचा अर्ज आजहि करावा लागतो. परंतु तो आतां कृपेची याचना नसून मिळविलेल्या दिवसांचा हिशेब आहे.

‘बोनस’चा इतिहास याहून बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत महागाई वाढली, तसा गिरण्यांना नफाहि उदंड झाला. तेव्हां मालकांनीं कामगारांना बोनस देण्यास सुरुवात केली. पुढें तो बंद होतांच १९२४ च्या आरंभीं मोठा संप झाला. चौकशीसाठीं मुख्य न्यायमूर्ति सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमण्यांत आली. रूढि, कायदा किंवा न्यायबुद्धि यांपैकीं कशाच्याहि आधारें कामगारांना बोनस मागतां येत नाहीं, असा तिनें निर्णय दिला. म्हणजे तो शब्द अद्याप बक्षिसाचाच भाऊ होता. त्यानंतर चाळीस वर्षांनीं, १९६५ च्या कायद्यानें, तें देणें बंधनकारक झालें. आज वीस किंवा अधिक माणसें असलेल्या ठिकाणीं, ठराविक वेतनमर्यादेच्या आंतील नोकरास किमान ८.३३ टक्के बोनस द्यावाच लागतो. हा आंकडा चमत्कारिक वाटतो खरा. पण तो शंभराचा बारावा हिस्सा, म्हणजे सामान्यतः वर्षाला एका महिन्याचें वेतन होय. हिशेबासाठीं धरावयाच्या वेतनालाहि मर्यादा असल्यामुळें प्रत्यक्ष रक्कम पुष्कळदां याहून लहान दिसते.

‘ग्रॅच्युइटी’ या लॅटिन कुळांतील शब्दाचाहि अर्थ खुषीनें दिलेली देणगी असाच. १९७२ च्या कायद्यानें ती देणगी राहिली नाहीं. दहा किंवा अधिक माणसांच्या ठिकाणीं सलग पांच वर्षें नोकरी केल्यास प्रत्येक वर्षामागें पंधरा दिवसांचें वेतन मिळतें, व महिना सव्वीस दिवसांचा धरतात. मासिक वेतन २६,००० रुपये असल्यास वर्षाचे १५,००० आणि दहा वर्षांचे दीड लाख होतात. मुदतबंद कराराच्या नोकरांना नव्या संहितेप्रमाणें एका वर्षानंतरहि ती मिळते. मात्र हिशेब ‘वेतना’वर होतो, हातीं येणाऱ्या सगळ्या रकमेवर नव्हे. म्हणून मूळ पगार लहान ठेवून भत्ते फुगविण्याची रीत पडली होती. आतां भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर जास्तीचा भाग वेतनांतच धरावा लागतो.

राहिला ‘ताण’. विणकराच्या मागावरील उभ्या सुतास ताणा म्हणतात. ताण म्हणजे ओढ. सूत कांहीं मर्यादेपर्यंत ओढ सोसतें, नंतर तुटतें. मनाची ही मर्यादा मोजण्याचें माप कायद्याजवळ नाहीं. तो वेळ मोजतो. डॉ. आंबेडकर १९४२ पासून १९४६ पर्यंत मध्यवर्ती सरकारांत मजूर खातें सांभाळीत होते. १९४६ सालींच कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्यापुढील कामास दुप्पट दराचा पगार आजहि कायम आहे. ही दुप्पट म्हणजे कामगाराला दाखविलेलें आमिष नव्हे. धन्यास घातलेला आवर आहे.

परंतु विरारकराचा दिवस कारखान्याच्या दारांत संपत नाहीं. विरारहून मुंबईस पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजीं सुटली. त्या वेळीं दिवसाकांठीं एकच गाडी होती. आज गाड्या उदंड झाल्या, तरी चर्चगेटपर्यंतचें सुमारें ६० किलोमीटरांचें अंतर तेंच आहे. जातायेतां होणारे तीन तास कामांत मोजले जात नाहींत आणि विश्रांतींतहि नाहींत. काम व घर यांचा समतोल या शब्दांचा येथील अर्थ एवढाच, कीं जेवणाच्या वेळीं माणूस घरीं असावें. एक गोष्ट मात्र प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी : घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या प्रवासांत अपघात झाला, आणि वेळ, स्थळ व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध दिसून आला, तर तो कामावरीलच अपघात मानला जातो. राज्य विमा कायद्यांत ही तरतूद २०१० सालीं आली, व सामाजिक सुरक्षा संहितेंतहि ती आहे.

हल्लीं कचेऱ्यांतून ‘टॅलेंट’ हा शब्द फार ऐकूं येतो. हें मूळचें ग्रीकांचें चांदी तोलण्याचें वजन. वसईच्या ख्रिस्ती घरांना बायबलांतील दाखला ठाऊक आहेच : धन्यानें चाकरांना हें धन सोंपविलें व परत येऊन त्याच्या वाढीचा हिशेब मागितला. त्या दाखल्यावरूनच शब्दाला अंगच्या गुणांचा अर्थ आला. गुणांची कदर कोणाला नको? परंतु शिक्षण देऊं करणाऱ्या पत्रांत, नोकरी सोडल्यास त्याचा खर्च परत करावा अशी अट आहे काय, हें सही करण्यापूर्वीं पाहावें. धन्याचें धन हिशेब मागतें, हाहि त्या दाखल्याचाच भाग आहे.

नव्या संहितांनीं प्रत्येक नोकरास लेखी नेमणूकपत्र देणें बंधनकारक केलें आहे, आणि मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत द्यावा असें सांगितलें आहे. कायद्याचें काम येथें संपतें व घराचें सुरू होतें. पत्र येईल त्या संध्याकाळीं तें वडील माणसांसमोर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावें, आणि न कळलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या दिवशीं विचारावा. लोखंड्यांच्या काळच्या कामगारांपैकीं बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी आपल्याला काय हवें, हें त्यांना नेमकें सांगतां आलें. आजच्या शिकलेल्या घरानें निदान आपल्याला काय मिळालें आहे, तें वाचून घ्यावें.