ब्रेकमधले दिवस

शिरूर तालुक्यात ‘पोरगा ब्रेकवर आहे’ एवढं सांगितलं की पुढं काही विचारावं लागत नाही. रांजणगाव, सणसवाडी, चाकण इथल्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत लागलेली मुलं सहा-सात महिने राबतात आणि मग घरी येऊन बसतात. कामगार कायद्याप्रमाणे बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराची सेवा वर्षभर सलग झाली असं धरतात आणि त्यासोबत काही हक्क येतात. ते दिवस भरायच्या आत पुष्कळांना थांबवलं जातं. मग महिना-दोन महिने, कधी जास्तच, तालुक्यातल्या पाबळसारख्या गावातला असा मुलगा घरी असतो. वेळ भरपूर असतो. खिशात फोन आणि फोनमध्ये हवी तेवढी गाणी असतात. शाळेचं मैदानही संध्याकाळी मोकळंच असतं. तरी हे दिवस त्याला खायला उठतात.

असं का होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. आपण बेकारीचा हिशेब पगाराच्या रकान्यात मांडून मोकळे होतो. पण काम सुटलं की गाणं ऐकायची, पुस्तक उघडायची, मैदानावर उतरायची उमेदही जाते. ती परत यायला नोकरी लागेपर्यंत थांबावं लागत नाही. चारचौघांत ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा मिळाली तरी ती येते, असं माझं ठाम मत आहे.

बेकारीचा हा परिणाम जवळून पाहिला गेला तो व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल या गिरणीगावात. १९२९-३०मध्ये तिथली एकुलती एक कापडगिरणी टप्प्याटप्प्यानं बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल या तरुण अभ्यासकांनी घरोघर जाऊन नोंदी केल्या. त्यांचं पुस्तक १९३३मध्ये आलं. कामगारांच्या वाचनालयात पूर्वी पुस्तकामागे थोडे पैसे पडत. गिरणी गेल्यावर ते माफ झाले. वाचायला दिवस मोकळा होता, पुस्तक फुकट होतं, तरी दोन वर्षांत घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. गाण्याचे, नाटकाचे, खेळाचे संघ ओसरले. अभ्यासकांनी घड्याळ लावून लोकांची चालसुद्धा मोजली. पुरुष रेंगाळत जात आणि मध्येच थांबत. बायकांचा पाय मात्र झपझप पडे, कारण चूल, धुणं आणि मुलं यांतून त्यांना कुणी ब्रेक दिला नव्हता. सकाळभर काय केलं, असं विचारलं तर पुरुषांना दोन-तीन गोष्टींपलीकडं काही आठवत नसे.

मुंबईचं गिरणगाव याच वाटेनं गेलं. तिथं गाणं, वाचन आणि खेळ भोंग्याला बांधलेले होते. पाळी सुटली की कुणी भजनाला, कुणी व्यायामशाळेत, कुणी कबड्डीच्या मैदानावर, तर कुणी कामगार नाटकाच्या तालमीला जाई. १९५३च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाची केंद्रं, त्यांची वाचनालयं, नाट्य आणि भजन स्पर्धा यांचा खर्च कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चाले. अण्णा भाऊ साठे आणि नारायण सुर्वे या दोघांनी गिरणीत काम केलं आणि याच वस्त्यांत ते लिहिते झाले. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येकांनी मुलाबाळांसह गावचा रस्ता धरला. पाळीच उरली नाही, तेव्हा पाळी सुटल्यानंतरची ती भरगच्च संध्याकाळही उरली नाही. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात अशाच एका घरातली मुलं आहेत. एकाला लेखक व्हायचंय, दुसरा क्रिकेटमध्ये बुडालेला. दोघांच्या आवडी खऱ्या आहेत, पण घरात कमाई नसताना त्या आवडींचं ओझं कसं होतं, हे पवारांनी जितक्या जवळून दाखवलं तितकं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

आता आपल्या रस्त्यावर या. पहाटे पाचच्या सुमाराला शिक्रापूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेनं मुलं पळत असतात. एकजण फोनवर वेळ लावून उभा, बाकीचे अंधारात श्वास मोजत येतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचं असतं, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट आहेत, त्यामुळं वर्दी या भागात रोज डोळ्यांपुढं असते. पोलीस शिपायासाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २८ वर्षं. ती उलटली की त्या मुलाचे बूट दाराआड पडतात. चार-पाच वर्षं कमावलेला दम, हलकं झालेलं अंग, पहाटेची सोबत हे सगळं एका दिवसात निरुपयोगी ठरतं. पळणं त्याला मनापासून आवडत होतं, हे ना घरचे विचारात घेतात ना तो स्वतः.

अभ्यासिकेतही तेच चित्र दिसतं. टेबलावर गाइडं, चालू घडामोडींची मासिकं, सराव प्रश्नसंच. तिथं कुणी कादंबरी काढली तर शेजारचा म्हणतो, “निवांत आहेस बुवा!” पुस्तक परीक्षेपुरतं आणि धावणं भरतीपुरतं. आनंदासाठी काही करायचं तर आधी कमवून दाखवावं लागतं, अशी समजूत घट्ट झाली आहे. फोनवरच्या गाण्यांवर कुणाचा पहारा नसतो, म्हणून ती तेवढी चालतात. पण कानात बोंडं घालून एकट्यानं ऐकलेलं गाणं माणसाला उंबऱ्याबाहेर काढत नाही.

या समजुतीला अपवाद आपल्याच गावांत आहे, आणि तो म्हणजे हरिनाम सप्ताह. पाबळच्या शेजारचं केंदूर हे संत कान्हूराज पाठकांचं गाव. या पंचक्रोशीला भजन-कीर्तन नवं नाही. सप्ताहात वीणा सात दिवस, रात्रंदिवस गळ्यात हवी. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या पाया पडतो, वीणा त्याच्या गळ्यात घालतो. ती जमिनीला टेकवायची नाही. रात्री दोन-अडीचचा पहारा कुणी घ्यायचा? सकाळी मोटर चालू करायची असते त्याला जमत नाही, पहाटेची बस धरायची असते त्याला तर नाहीच. तिथं ब्रेकवरचा मुलगा लागतो. “तुझं नाव रात्रीच्या पहाऱ्याला लिहिलंय रे” असं म्हाताऱ्या विणेकऱ्यानं म्हटलं की त्याच्या मोकळ्या वेळाची गावाला गरज लागलेली असते. दिवसा ज्ञानेश्वरीचं पारायण चालतं. अठरा अध्याय आणि सुमारे नऊ हजार ओव्या शंभरजणांच्या सुरात वाचताना अडखळणारा वाचकही सांभाळून नेला जातो. गाणं आणि ग्रंथ एकाच मांडवात मिळतात आणि ‘सध्या कुठं आहेस?’ या प्रश्नाची धार बोथट होते. मग गावची यात्रा येते, कुस्त्यांचा आखाडा भरतो. पण सप्ताह सात दिवसांचा आणि यात्रा एक-दोन दिवसांची. ब्रेक त्याहून फार लांब.

पाबळमध्येच याला जोडून पाहावं असं एक काम आहे. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये इथं विज्ञान आश्रम सुरू केला. कोरडवाहू, अवर्षणाच्या पट्ट्यातलं नमुनेदार गाव म्हणून त्यांनी पाबळ निवडलं. शाळा सुटलेल्या मुलांनी वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी हातानं करत विज्ञान शिकावं, असा त्यांचा आग्रह. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या मदतीनं तिथं फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी ती एक. नापास म्हणून बाजूला पडलेल्या मुलावर गावाच्या उपयोगाचं काम सोपवलं की त्याची मान वर होते, हे कलबाग सरांनी ओळखलं होतं. वाचन आणि खेळ यांनाही हीच रीत लागू पडावी.

सुरुवात लहान असू शकते. १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं राज्यभर आहेत, पण खेड्यातल्या लहान वाचनालयाला पूर्णवेळ माणूस परवडत नाही. दार काही तासच उघडं असतं, तेही बहुधा कामावरचा माणूस परतायच्या आधी बंद होतं. मारिएन्थालनं दाखवलं की नुसती वर्गणी माफ करून वाचक येत नाही. ब्रेकवरच्या दोघांकडं किल्ली द्या, देवघेवीची वही द्या, रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवायला सांगा. संध्याकाळी तासभर कुणीतरी मोठ्यानं कथा वाचावी. पारायणाला बसणाऱ्या गावाला ते अवघड नाही. वय उलटलेल्या धावपटूनं पहाटे लहान मुलांची वेळ लावावी आणि त्यांच्याबरोबर पळावंही. पदवी घेऊन ‘घरीच असते’ अशा सुनांनाही या वहीत नाव हवं. त्यांची बेकारी कुणी मोजत नाही आणि दुपारची शांत वेळ त्यांच्याइतकी वाचायला दुसऱ्या कुणाला लागत नाही. तेव्हा वाचनालय आठवड्यातून दोन दुपारी फक्त बायकांसाठी, बायकांच्याच हाती उघडं राहावं.

कंपनीतून पुन्हा बोलावणं आलं तरी त्या मुलाकडची किल्ली लगेच काढून घेऊ नये. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचं दार त्यानंच उघडावं, आणि दुसऱ्या पाळीचा आठवडा येण्याआधी ब्रेकवर आलेल्या पुढच्या मुलाला सोबत घेऊन त्याला वही समजावून द्यावी.