बियाण्याच्या पिशवीतील मक्तेदारी आणि 2006 चा आदेश

कापडाचा धंदा कापसाच्या गाठीपासून सुरू होतो असे आपण धरून चालतो. खरे पाहता तो सरकीच्या दाण्यापासूनच सुरू होतो. आमच्या कुरुंदा-वसमत भागात कपाशी आणि हळद विकली गेली की लग्नाचे बस्ते बांधले जातात, शिलाईची मशीन रात्री उशिरापर्यंत चालते, गादी-रजई भरणाऱ्या मन्सुरी बांधवांच्या हाताला काम मिळते. शेतकऱ्याने मृगात बियाण्याला जास्त पैसे मोजले, तर तेवढे पैसे आपल्या गल्ल्यात कमी येतात. म्हणून बियाण्याच्या मक्तेदारीचा खटला हा केवळ शेतकऱ्यांचा विषय नाही. तो आपलाही आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. महाराष्ट्रात 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच द्यायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही, असा तो कायदा होता. सुमारे तीस वर्षांनी, 2002 च्या सुमारास, ही बंदी सैल झाली आणि खाजगी खरेदी सुरू झाली. त्याच 2002 साली, मार्च महिन्यात, केंद्र सरकारच्या समितीने बीटी कपाशीला परवानगी दिली. घेणारा एकच होता ती अडचण गेली आणि बियाण्याचे तंत्रज्ञान देणारा एकच, अशी नवी अडचण आली.

हे बीटी बियाणे आणणारी महिको ही कंपनी आपल्या मराठवाड्यातील, जालन्याची. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये ती स्थापन केली. पुढे अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने तिच्यात भागीदारी घेतली आणि दोघांनी मिळून महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही निम्म्या-निम्म्या हिश्श्याची कंपनी काढली. बोंडअळीला मारणारा जनुक या कंपनीच्या ताब्यात होता. इतर बियाणे कंपन्यांनी तो जनुक आपल्या वाणात घालायचा असेल तर हिच्याशी करार करायचा आणि विकलेल्या प्रत्येक पिशवीमागे ठरलेली रक्कम हिला द्यायची. या रकमेला ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणत. आपण तिला तंत्रज्ञान शुल्क म्हणू.

आता हिशेब पाहा. 450 ग्रॅमची पिशवी बाजारात 1,600 रुपयांच्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त दराने विकली जात होती. त्यात सुमारे 1,250 रुपये नुसते तंत्रज्ञान शुल्क होते. बियाणे पिकवणारा, ते साफ करून पिशवीत भरणारा, वाहतूक करणारा आणि दुकानदार या सर्वांच्या वाट्याला मिळून उरलेले साडेतीनशे. पिशवीवर नाव कोणत्याही कंपनीचे असो, शुल्क एकाच गल्ल्यात जात होते. दुकानात दहा प्रकारच्या पिशव्या मांडलेल्या दिसत, पण त्या दहांच्या मागे मालक एकच होता. मक्तेदारी अशी असते. ती दुकानाच्या फळीवर दिसत नाही, ती करारात लपलेली असते.

2006 च्या सुरुवातीला आंध्र प्रदेश सरकारने या शुल्काविरुद्ध दाद मागितली. त्या वेळी 1969 चा मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा कायदा लागू होता आणि त्याखालील आयोग दिल्लीत बसत असे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एमआरटीपी आयोग म्हणत. राज्याचे म्हणणे सरळ होते: हेच तंत्रज्ञान चीनच्या शेतकऱ्याला अगदी किरकोळ शुल्कात मिळते, मग आमच्या शेतकऱ्याकडून एवढे का? कंपनीचे म्हणणे होते की संशोधनाला मोठा खर्च आला आहे, शेतकऱ्याची फवारणी वाचते, आणि शुल्क हा दोन कंपन्यांमधील खाजगी करार आहे. खटला चालू असतानाच कंपनीने शुल्क 900 रुपयांपर्यंत खाली आणले.

11 मे 2006 रोजी आयोगाने अंतरिम आदेश दिला. 900 रुपयांचे शुल्क घेऊ नये आणि चीनसारख्या देशातील दर लक्षात घेऊन वाजवी शुल्क ठरवावे, असा त्याचा आशय होता. लगेच आंध्र सरकारने पिशवीचा दर 750 रुपये ठरवला. महाराष्ट्रासह इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली, पण आदेशाला स्थगिती मिळाली नाही. 1,600 ची पिशवी 750 वर आली म्हणजे पिशवीमागे 850 रुपये वाचले. चार पिशव्या लावणाऱ्या घरात एका हंगामाचे 3,400 रुपये. त्या काळात एवढ्या रकमेत घरातील मुलांचे ईदचे किंवा दिवाळीचे कपडे सहज होत.

अमेरिकेतील प्रसिद्ध उदाहरणाशी याची तुलना करून पाहावी. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1911 मध्ये रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचे 34 तुकडे करण्याचा आदेश कायम केला. तेथे कंपनीच मोडली. आपल्याकडे कंपनी शाबूत राहिली, फक्त तिच्या दराला लगाम बसला. पण त्याच 2006 साली दुसरीही एक गोष्ट घडली. दुसऱ्या बीटी तंत्रज्ञानांनाही परवानगी मिळाली. त्यांत औरंगाबादच्या नाथ सीड्सने चीनमधून आणलेला जनुकही होता. मक्तेदारी मोडायला न्यायालयाचा हुकूम लागतो तसाच बाजारात दुसरा विक्रेताही लागतो. हे नवे विक्रेते आले, तरी ते फार मोठे झाले नाहीत. देशातील 90 टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली आणि तीत मोन्सॅन्टोच्याच तंत्रज्ञानाचा बोलबाला राहिला.

म्हणून तंटा पुन्हा उभा राहिला. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कपाशी बियाणे दर नियंत्रण आदेश काढला. 2016 च्या हंगामासाठी बोलगार्ड-2 ची पिशवी 800 रुपये आणि त्यातील शुल्क 49 रुपये ठरले. 2020 मध्ये हे शुल्क शून्यावर आले. फेब्रुवारी 2016 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने कंपनीच्या करारांची चौकशीही लावली. पण जुलै 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की पेटंटच्या परवान्यांबाबत पेटंट कायदाच लागू होतो, आणि ती चौकशी रद्द झाली. सप्टेंबर 2025 मध्ये आयोगाचे अपीलही सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. म्हणजे दरावर सरकारचा हात राहिला, पण पेटंटधारकाच्या करारात स्पर्धा आयोगाने किती शिरावे याची वाट अरुंद झाली.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 2016 मध्येच मोन्सॅन्टोने पुढच्या पिढीच्या बियाण्याचा परवानगीसाठीचा अर्ज मागे घेतला. 2017 साली महाराष्ट्रात शेंदरी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले. बोलगार्ड-2 ला ती अळी दाद देईनाशी झाली होती. दर खाली आणता येतो, पण नवा माल हुकुमाने निर्माण होत नाही. विक्रेत्याला वाजवी नफा आणि गिऱ्हाइकाला वाजवी भाव, हे दोन्ही सांभाळणे हाच इन्साफ.

आपल्या दीनी परंपरेत हा प्रश्न जुना आहे. माल अडवून भाव चढवणे, म्हणजे इहतिकार, याचा निषेध आहे. त्याच वेळी हेही नमूद आहे की मदिनेत महागाई झाली असता पैगंबर साहेबांनी (स.) भाव बांधून देण्यास नकार दिला. वरवर या दोन गोष्टींत विरोध वाटतो. दमिश्कचे आलिम इब्ने तैमिया यांनी त्याची उकल केली: बाजार मोकळा असेल आणि टंचाईमुळे भाव चढला असेल तर हात घालू नये, पण माल मोजक्या हातांत अडकला असेल आणि लोकांना गरज असेल तर हाकिमाने रास्त भाव ठरवावा. 2006 चा आदेश याच समजुतीच्या जवळचा आहे.

आपण व्यापारी-कारागीर बांधवांनी यातून काय घ्यावे? 2009 पासून एमआरटीपी आयोगाच्या जागी स्पर्धा आयोग आहे. त्याच्या कायद्यात मोठे असणे हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा आहे. कोणतीही व्यक्ती, दुकानदार वा संघटना ठरावीक शुल्क भरून त्याच्याकडे माहिती दाखल करू शकते आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंतीही करू शकते. सूत देणारा किंवा रंग देणारा एकटाच असेल आणि ‘हा माल हवा तर तोही घ्या’ असे म्हणत असेल, तर बिले, दरपत्रके आणि पत्रव्यवहार तारखेनिशी जपून ठेवावेत. आंध्र सरकारने नुसती तक्रार केली नाही, तुलनेचे आकडे मांडले. म्हणून ती ऐकली गेली.

आणि हाच कायदा आपल्यालाही लागू आहे. गावातील चार दुकानदारांनी बसून ‘या भावाखाली कोणी विकायचे नाही’ असे ठरवले, तर तोही करार बेकायदा ठरतो. मोठ्याच्या मक्तेदारीविरुद्ध हक्काने बोलायचे असेल, तर आपले लहान गठ्ठे आधी सोडवावे लागतील.