मुलीचा आवाज ऐकला का?



एरवी मी तुमच्याशी बी-बियाणे, खते आणि फवारणी यांबद्दल बोलतो. आज विषय वेगळा आहे, पण तोही आपल्या घरचाच आहे. आपल्या गावची मुले-मुली आता नोकरीसाठी दूर जातात. मागच्या महिन्यात माझ्या भाचीकडे कामोठ्याला गेलो होतो. एकेकाळी तिथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने जमिनी घेतल्या आणि आज तिथे इमारतींची दाटी झाली आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची माणसे पावलोपावली भेटतात. जिन्यात आपलीच बोली ऐकू येते, पण शेजारच्या दारामागे कोण राहते हे मात्र ठाऊक नसते.

संध्याकाळी गच्चीवर उभे असताना भाची म्हणाली, "मामा, महामार्गापलीकडे दिसते ती कळंबोली. अश्विनीताई तिथेच राहत होत्या." ते ऐकून मन सुन्न झाले. ही हकिगत तुम्ही वर्तमानपत्रात तुकड्या-तुकड्यांनी वाचली असेल. आज ती सलग सांगतो, कारण तिच्यातून आपण काही शिकण्यासारखे आहे.

अश्विनी बिद्रे-गोरे ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातील आळते गावची लेक. उसाच्या पट्ट्यातले ते गाव. लग्नानंतरही तिने अभ्यास सोडला नाही. स्पर्धा परीक्षा देऊन ती पोलीस उपनिरीक्षक झाली आणि पुढे सहायक पोलीस निरीक्षक. पदरी एक लहान मुलगी होती. सांगलीला नोकरीत असताना अभय कुरुंदकर या पोलीस अधिकाऱ्याशी तिची ओळख झाली. जवळीक वाढली, पुढे वाद होऊ लागले. नंतर तिची बदली नवी मुंबईत झाली.

११ एप्रिल २०१६ रोजी अश्विनी नाहीशी झाली. जी स्वतः खाकी वर्दी घालून लोकांच्या तक्रारी लिहून घ्यायची, तिचाच पत्ता लागेना.

आता नीट लक्ष द्या. तिच्या नाहीसे होण्याचा बोभाटा लगेच झाला नाही. तिच्या मोबाईलवरून नातेवाइकांना संदेश जात होते. आपण बाहेरगावी जात आहोत, अशा अर्थाचा मजकूर त्यांत होता. घरच्यांना वाटले, पोरगी कामात असेल. प्रत्यक्षात ती या जगात नव्हती आणि संदेश दुसराच कोणी पाठवत होता. अक्षरे दिसत होती, आवाज मात्र कोणी ऐकला नव्हता.

जुलै २०१६ मध्ये घरच्यांनी कळंबोली पोलीस ठाण्यात तक्रार दिली. अपहरणाचा गुन्हा दाखल व्हायला जानेवारी २०१७ उजाडला. त्यासाठीही घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. त्याच वर्षीच्या प्रजासत्ताक दिनी कुरुंदकरला राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले होते. त्याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये.

सहायक पोलीस आयुक्त संगीता अल्फान्सो यांनी तपास चिकाटीने पुढे नेला. मीरा-भाईंदर परिसरातील घरात अश्विनीचा खून झाला आणि तिचा देह वसईच्या खाडीत टाकून दिला गेला, असे उघड झाले. खाडीत शोध घेतला, त्यासाठी नौदलाचीही मदत घेतली. पण भरती-ओहोटीच्या त्या पाण्यातून काहीच हाती लागले नाही. मग मोबाईलच्या नोंदी, संदेश आणि कोण कधी कुठे होते याचे धागे जोडून खटला उभा राहिला. सरकारच्या बाजूने विशेष सरकारी वकील प्रदीप घरत यांनी तो लढवला.

एप्रिल २०२५ मध्ये पनवेलच्या सत्र न्यायालयाने कुरुंदकरला खुनासाठी दोषी ठरवून जन्मठेप दिली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना शिक्षा झाली आणि एकाची निर्दोष सुटका झाली. पदक कसे जाहीर झाले, याबद्दल न्यायालयानेही आश्चर्य व्यक्त केले. या निकालाला नऊ वर्षे लागली. निकाल लागला, पण देह मिळालाच नाही. आई-बापाने वाढवलेल्या लेकीची रक्षासुद्धा घरच्यांच्या हाती आली नाही.

या सबंध काळात तिचे पती, भाऊ आणि वडील मागे हटले नाहीत. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. संसारात कुरबुरी झाल्या होत्या, गावात चार तोंडे चार गोष्टी बोलत असणार. पण "तिने असे का केले" यापेक्षा "ती कुठे आहे" हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. आपल्याकडे पुष्कळदा उलटे होते. मुलगी दोन दिवस सापडली नाही, की आपण आधी दार लावून घेतो. लोक काय म्हणतील या भीतीने तक्रार लांबते. रोग दिसताच फवारणी केली तर पीक वाचते, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो. इथे तर माणसाचा जीव असतो.

तेव्हा पुढील गोष्टी घरात सर्वांना वाचून दाखवा.

बाहेरगावी असलेल्या मुलीशी आठवड्यातून दोनदा तरी प्रत्यक्ष बोला. नुसत्या संदेशावर समाधान मानू नका. तिची भाषा बदललेली वाटली, ती फोन उचलेनाशी झाली, तर कोणाला तरी लगेच तिच्या खोलीवर पाठवा.

तिच्या खोलीचा पत्ता, घरमालक, एक मैत्रीण आणि कार्यालय यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. मोबाईल बंद पडला तरी वही बंद पडत नाही.

ती नाहीशी झाल्याचे कळताच पोलीस ठाणे गाठा. चोवीस तास थांबायला हवे, असा कायदा नाही. संकटात ११२ हा नंबर फिरवा. महिलांसाठी १८१ हा मदतीचा नंबर आहे.

मुलगी अठरा वर्षांखालील असेल तर पोलिसांनी अपहरणाचा गुन्हाच नोंदवायचा असतो. ती सज्ञान असेल तर आधी हरवल्याची नोंद होते. मात्र कोणावर संशय असेल तर तो तक्रारीत स्पष्ट लिहा, समोरचा कितीही मोठा असो.

"ही आमची हद्द नाही" असे सांगून गंभीर गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, गुन्हा कुठेही घडला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देण्याची तरतूद आहे. गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. ठाण्यात ऐकले नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. त्यानेही भागले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

तिचे संदेश, फोटो, कागदपत्रे, संगणक यांतले काहीही पुसू नका. कधीकधी तेच शेवटचे साक्षीदार ठरतात.

आणि एक शेवटचे. मुलीने चूक केली असे वाटले तरी तिच्यासाठी घराचे दार उघडे आहे, हे तिला ठाऊक असू द्या. रागावून अबोला धरलेल्या घराला पोरीचे संकट सगळ्यांत शेवटी कळते.

कामोठ्याहून निघताना भाचीने पाया पडून विचारले, "मामा, आता पुन्हा कधी?" मी म्हटले, "येईन तेव्हा येईन. पण रविवारी आणि बुधवारी रात्री आठला फोन करीन, आणि तू तो उचलायचा." ती हसली. तेव्हापासून एकही वार चुकलेला नाही.

तुमची लेक, सून, बहीण बाहेरगावी असेल तर हा अंक खाली ठेवा आणि आधी तिला फोन लावा. तिचा आवाज ऐका. मग बाकीची पाने वाचा.