सोलापूरचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे

मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि गिरणगाव सोलापूर पेटून उठले. ८ मे रोजी रूपाभवानी परिसरात शिंदीची झाडे तोडण्यासाठी लोक जमले. पोलिसांनी धरपकड केली, जमाव अडला आणि गोळीबार झाला. हातात झेंडा घेऊन पुढे सरसावलेला तरुण शंकर शिवदारे जागीच कोसळला. संतापलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळली. त्यात दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल जणू उरलाच नव्हता, काँग्रेसचे स्वयंसेवकच व्यवस्था पाहत होते. सरकारला हेच सर्वांत झोंबले असावे.

१२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. तो जूनअखेरपर्यंत टिकला. या काळात राष्ट्रध्वज बाळगणे हासुद्धा गुन्हा ठरला, गांधी टोपीवर करडी नजर होती.

चौकीतील पोलिसांच्या हत्येचा आरोप मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि ‘गझनफर’ साप्ताहिकाचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांच्यावर ठेवण्यात आला. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. लिंगायत, मारवाडी, मराठा आणि मुसलमान अशा चार घरांतील ही माणसे होती. बहुभाषक सोलापूरच्या स्वातंत्र्यलढ्याची याहून खरी ओळख नाही. शहरातील हुतात्मा चौकात चौघांचे पुतळे आहेत.