श्वानांतील हृदयविफलता : एक संज्ञा, तिचे निदान आणि तिची चिकित्सा

‘हार्ट फेल झाले’ हा शब्दप्रयोग मराठी व्यवहारात बहुधा मृत्यूची वार्ता सांगण्यासाठीच योजिला जातो. त्यामुळे एखाद्या वृद्ध पॉमेरेनियन कुत्र्यास ‘कंजेस्टिव्ह हार्ट फेल्युअर’ असल्याचे पशुवैद्याने सांगितले, की आता करण्यासारखे काही उरले नाही असा समज मालकाच्या मनात उत्पन्न होतो. वस्तुतः या संज्ञेत भार नामावर नसून विशेषणावर आहे. मराठीने नाम घेतले आणि विशेषण टाकून दिले. ‘कंजेस्टिव्ह’ म्हणजे तुंबण्याशी संबंधित. या अवस्थेत हृदय थांबलेले नसते, किंबहुना ते नेहमीपेक्षा अधिक वेगाने चालत असते. परंतु पुढे जावयाचे रक्त पुरेसे पुढे जात नाही आणि मागे द्रव तुंबतो. निदान व चिकित्सा या दोहोंचा आधार हे तुंबणेच होय.

लहान जातींच्या कुत्र्यांत याचे सर्वसामान्य कारण म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या द्विदल झडपेची झीज. वयपरत्वे झडपेच्या पाकळ्या जाड व गाठाळ होतात, त्या नीट मिटत नाहीत, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर काही रक्त खालच्या कप्प्यातून वरच्या कप्प्यात परतते. शरीराला रक्त कमी पडल्याचा भास होऊन मूत्रपिंडे मीठ व पाणी राखून ठेवू लागतात. ही व्यवस्था वस्तुतः रक्तस्रावाच्या प्रसंगी उपकारक. येथे मात्र तीच घातक ठरते. डाव्या अलिंदातील दाब फुप्फुसांच्या शिरांत पोहोचतो आणि फुप्फुसात पाणी झिरपते. डोबरमन, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींत झडपेऐवजी हृदयाचा स्नायूच दुबळा होऊन पसरतो. उजवी बाजू निकामी झाल्यास पाणी फुप्फुसात न साठता पोटात साठते. डासांमार्फत पसरणारा हृदयकृमी हे त्याचे एक कारण आहे.

झडपेतून परतणाऱ्या रक्ताचा आवाज स्टेथोस्कोपने ऐकू येतो. त्याला लॅटिनमध्ये ‘मुर्मुर’ आणि संस्कृतात पानांच्या सळसळीला ‘मर्मर’ म्हणावे, हा ध्वन्यनुकरणाचा योगायोग मोठा मनोरम आहे. परंतु मर्मर म्हणजे विफलता नव्हे. मर्मर असलेली कित्येक कुत्री वर्षानुवर्षे निरामय राहतात. अमेरिकन कॉलेज ऑफ व्हेटरनरी इंटर्नल मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये मांडलेल्या व २०१९ मध्ये सुधारलेल्या वर्गीकरणात हा भेद स्पष्ट केला आहे. ‘ए’ म्हणजे केवळ जातीमुळे संभव. ‘बी-१’ म्हणजे मर्मर आहे, पण हृदयाचा आकार लक्षणीय वाढलेला नाही. ‘बी-२’ म्हणजे आकार तसा वाढलेला, पण लक्षणे नाहीत. पाणी तुंबले की ‘सी’, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणारी अवस्था ‘डी’. ‘बी-१’ मध्ये औषध देऊ नये. ‘बी-२’ मध्ये मात्र पिमोबेंडान दिल्यास विफलतेचा आरंभ सरासरी १५ महिन्यांनी लांबतो, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ या चाचणीत दिसून आले.

निदानात सर्वांत फसवे लक्षण म्हणजे खोकला. वृद्ध लहान कुत्र्यांत मर्मर आणि श्वासनलिकेचा विकार अनेकदा एकत्र नांदतात. फुगलेले अलिंद श्वासनलिकेच्या फाट्याला दाबल्यानेही खोकला येतो. फुप्फुसात पाणी नसताना केवळ खोकल्यावरून मूत्रल औषध सुरू करणे ही चूक वारंवार घडते, आणि तिचे मोल मूत्रपिंडांना द्यावे लागते. श्वासाबरोबर नाडीचा वेग कमीअधिक होणे हे निरोगी कुत्र्याचे लक्षण आहे. खोकणाऱ्या कुत्र्यात ते टिकून असेल तर विफलतेची शक्यता कमी. नाडी सतत जलद व एकसुरी असेल तर अधिक. निर्णय क्ष-किरण चित्रावर करावा. त्यात हृदयाचा आकार पाठीच्या मणक्यांच्या मापाने मोजतात. १९९५ मध्ये रूढ झालेल्या या पद्धतीत सरासरी प्राकृत माप सुमारे ९.७ मणके येते. हृदयाची अंतर्रचना एकोकार्डिओग्राफीने कळते.

तथापि विफलतेचे सर्वांत भरवशाचे आणि बिनखर्चाचे मापन घरीच होते. कुत्रे गाढ झोपले असता छाती एकदा वर येऊन खाली गेली की एक श्वास धरावा, आणि असे एका मिनिटाचे श्वास मोजावेत. ही संख्या वारंवार ३० च्या वर जाऊ लागली तर पाणी साठत असल्याचा संशय घ्यावा. विदर्भातील वैशाखात कुत्रे धापा टाकीत असता केलेली मोजणी निरर्थक होय. ती पहाटेच्या गारव्यात करावी आणि वहीत टिपून ठेवावी.

तातडीच्या प्रसंगी प्राणवायू, शिरेतून फ्युरोसेमाइड आणि शांतता यांना अग्रक्रम असतो. धापा टाकणाऱ्या कुत्र्यास क्ष-किरण चित्रासाठी बळेच आडवे पाडल्यास ते तेथेच दगावू शकते. संकट टळल्यावर फ्युरोसेमाइड, पिमोबेंडान, एनॅलाप्रिल अथवा बेनाझेप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे बहुधा आयुष्यभर द्यावी लागतात. फ्युरोसेमाइडची मात्रा पाणी न साठण्यापुरती, कमीतकमी ठेवावी, आणि क्रिअॅटिनिन व पोटॅशियम वेळोवेळी तपासावे. कुत्रे अधिक पाणी पिते, अधिक लघवी करते, म्हणून घरचे लोक पाण्याचे भांडे उचलून ठेवतात; ते कटाक्षाने टाळावे. पापड, फरसाण, खारी बिस्किटे बंद करावीत, परंतु अन्न बेचव करून कुत्र्यास उपाशी ठेवू नये, कारण या रोगात मांस झडणे हेही आयुष्य घटविते.

२००८ च्या ‘क्वेस्ट’ चाचणीत झडपेच्या विकाराने विफलता आलेल्या कुत्र्यांना मूत्रल औषधाच्या जोडीला पिमोबेंडान दिले असता मध्यमान २६७ दिवस मिळाले. बेनाझेप्रिल दिलेल्या गटात ते १४० होते. अनेक कुत्री याहून पुष्कळ अधिक जगतात, काही कमी. ‘फेल’ हा शब्द ऐकून ज्यांचे औषध सुरूच होत नाही, त्यांची गणना अशा चाचण्यांत होत नाही.