कुत्र्या-मांजरांसाठी दवाखाना निवडताना

घराजवळचा दवाखाना सोयीचा खरा, पण तेवढ्यावर निवड करू नये. आधी नोंदणीची चौकशी करा. पशुवैद्यकाची पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेकडची नोंदणी, दोन्ही हव्यात. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्याचा आधार या अटीला आहे. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना स्वस्त पडतो, मात्र तिथली घडी मुख्यतः गाई-म्हशींसाठी बसवलेली असते. सोनोग्राफीसाठी अनेकदा शहर गाठावे लागते.

लसीबाबत मात्र खोलात जाऊन विचारावे. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, म्हणून वीज गेल्यावर फ्रिजची सोय काय, हे विचारायला अजिबात संकोचू नका. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. लसीच्या बाटलीवरचे लेबल कार्डावर चिकटवून, तारीख घालून सही करणारा दवाखाना मला अधिक विश्वासाचा वाटतो.

मांजर म्हणजे लहान कुत्रा नव्हे. माणसांना चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. तेव्हा मांजरे नेहमी तपासणारा डॉक्टर थोडा लांब असला तरी तोच बरा.

रात्री-अपरात्री कुणाकडे जायचे, तेही आधीच विचारून ठेवा. मुंबईत परळ आणि महालक्ष्मीला प्राण्यांची मोठी रुग्णालये आहेत. लहान गावांत डॉक्टरांचा फोनच आधार. शस्त्रक्रिया असेल तर सांगितलेल्या रकमेत रक्ततपासणी, भूल आणि नंतरची मलमपट्टी धरली आहे का, हे लिहून घ्यावे.